प्रदूषण मंडळाच्या आदेशाविरुद्ध अपील: कोणाकडे, किती दिवसांत आणि कोणत्या मुद्द्यावर

१५ डिसेंबर २०१८ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाची प्रकरणे ऐकणाऱ्या खास न्यायाधिकरणाने, तमिळनाडूतील तूतुकुडी येथील स्टरलाइट तांबे कारखान्याच्या बाजूने निकाल दिला आणि कारखाना बंद करण्याचे राज्याचे आदेश रद्द ठरवले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १८ फेब्रुवारी २०१९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा तो निकाल रद्द केला. कारखान्याने प्रदूषण केले की नाही, या प्रश्नात न्यायालय त्या दिवशी शिरलेच नाही. ज्या आदेशांविरुद्ध कंपनी लवादापुढे गेली होती, त्यांच्यावरचे अपील थेट ऐकण्याचा अधिकार लवादाला नव्हता, एवढ्या एका कारणावर महिनोन्‌महिन्यांची सुनावणी, माजी मुख्य न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल आणि हाती आलेला विजय हे सगळे निकामी झाले.

प्रदूषण नियंत्रण मंडळाशी वाद झाला की 'वरच्या कोर्टात जाऊ' असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. कारखानदार म्हणतात, तसेच कारखान्याच्या सांडपाण्याने विहीर खराब झालेले गावकरीही म्हणतात. पण पर्यावरणाच्या कायद्यात 'वरचे कोर्ट' असे एकच एक ठिकाण नाही. कोणता आदेश, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली निघाला, यावर पुढची पायरी ठरते आणि त्या पायरीवर पाऊल ठेवण्याची मुदतही त्याच कलमाशी बांधलेली असते. बाजू कितीही खरी असली तरी ही पायरी चुकली, तर ती ऐकून घेण्याची वेळच येत नाही. म्हणून हा मार्ग नीट समजून घेणे अत्यंत आवश्यक आहे.

प्रथम मंडळाचे अधिकार पाहू. १९७४ चा जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा आणि १९८१ चा हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा, असे दोन मुख्य कायदे राज्य मंडळ राबवते. सांडपाणी किंवा धूर सोडणारा उद्योग उभारण्यापूर्वी मंडळाची संमती घ्यावी लागते, चालू करण्यापूर्वी दुसरी संमती घ्यावी लागते आणि तिचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. व्यवहारात या कागदाला सगळे 'कन्सेंट' म्हणतात. त्यात रोज किती पाणी सोडायचे, प्रक्रिया करून सोडायचे की पुन्हा वापरायचे, घातक कचरा कुठे पाठवायचा, अशा अटी असतात. अटी मोडल्याचे आढळले की आधी कारणे दाखवा नोटीस येते. खुलासा समाधानकारक वाटला नाही तर बँक गॅरंटी जप्त होते, संमती नाकारली जाते किंवा थेट बंदचा आदेश निघतो. हा शेवटचा अधिकार जल कायद्याच्या कलम ३३-अ मध्ये आणि हवा कायद्याच्या कलम ३१-अ मध्ये आहे. त्याखाली मंडळ वीज आणि पाणी तोडण्याचे निर्देशही देऊ शकते.

आता अपील. जल कायद्याखाली संमती नाकारली, तिला जाचक अटी घातल्या किंवा दिलेली संमती काढून घेतली, तर कलम २८ प्रमाणे अपील करायचे ते राज्य सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे, आणि तेही आदेश कळल्यापासून ३० दिवसांच्या आत. उशिराला पुरेसे कारण असेल तर प्राधिकरण तो माफ करू शकते. या प्राधिकरणाचा निर्णय मान्य नसेल, तर पुढचे अपील हरित लवादाकडे. मात्र त्याच जल कायद्याच्या कलम ३३-अ खाली बंदचा आदेश निघाला असेल, तर मधली पायरी नाही. कलम ३३-ब प्रमाणे थेट हरित लवादाकडे जाता येते.

हवा कायद्यात मात्र असा थेट रस्ता नाही. मंडळाच्या आदेशाविरुद्ध कलम ३१ प्रमाणे आधी अपील प्राधिकरण आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध मग लवाद, असा क्रम तिथे आहे. अडचण अशी की प्रत्यक्षात मंडळाच्या एकाच आदेशात दोन्ही कायद्यांची कलमे शेजारी शेजारी नमूद केलेली असतात. त्यामुळे आदेश हाती पडताच त्याच्या वरच्या भागातली कलमे नीट वाचून घ्यावीत. मजकुरातला आरोप कितीही संताप आणणारा असला तरी पहिला अर्धा तास त्या कलमांवर घालवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

स्टरलाइटच्या प्रकरणात नेमके हेच घडले, आणि हे प्रकरण आपल्यालाही परके नाही. हा कारखाना आधी रत्नागिरीत व्हायचा होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या लोकांनी तीव्र विरोध केला, तेव्हा काम थांबले आणि प्रकल्प तमिळनाडूत गेला. तूतुकुडीतही वाद संपले नाहीत. २०१० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. २ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, पण वैध संमती नसतानाही बराच काळ कारखाना चालवल्याबद्दल आणि झालेल्या प्रदूषणाबद्दल कंपनीला १०० कोटी रुपये भरायला लावले. त्याच्या काही दिवस आधीच, मार्च २०१३ मध्ये, वायुगळतीच्या तक्रारींनंतर मंडळाने हवा कायद्याखाली बंदचा आदेश काढला होता. कंपनी त्याविरुद्ध थेट लवादाकडे गेली आणि लवादाने कारखाना पुन्हा सुरू करू दिला.

पुढे ९ एप्रिल २०१८ रोजी मंडळाने संमतीचे नूतनीकरण नाकारले. कारखान्याच्या विस्ताराला विरोध करणारे आंदोलन पेटलेले होते. २२ मे रोजी मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात १३ जणांचा जीव गेला. दुसऱ्याच दिवशी मंडळाने कारखाना बंद करण्याचा व वीज तोडण्याचा आदेश काढला, तर २८ मे रोजी राज्य सरकारने जल कायद्याच्या कलम १८ खाली कारखाना कायमचा बंद करण्याचे निर्देश दिले.

म्हणजे काही आठवड्यांच्या अंतराने तीन आदेश निघाले, आणि तिन्हींचे स्वरूप वेगळे होते. संमती नाकारल्याविरुद्धचे कंपनीचे अपील प्राधिकरणापुढे प्रलंबित होते. तरीही कंपनीने सगळे आदेश एकत्र करून लवादापुढे आव्हान दिले, आणि लवादाने ते ऐकले. सर्वोच्च न्यायालयाने ही वाट चुकीची ठरवली. प्राधिकरणापुढे अपील चालू असताना त्याला ओलांडून लवादाकडे जाता येत नाही. सरकारने कलम १८ खाली दिलेल्या निर्देशांविरुद्ध तर कायद्याने लवादाकडे अपीलच ठेवलेले नाही. २०१३ चा बंदचा आदेश हवा कायद्याखालचा असल्याने तिथेही आधी प्राधिकरणाची पायरी होती. लवाद हा कायद्याने दिलेल्या अधिकारापुरताच आहे. उच्च न्यायालयाप्रमाणे सरकारच्या कोणत्याही कृतीची न्यायिक तपासणी करण्याचा सर्वसाधारण अधिकार त्याला नाही. न्यायालयाने कंपनीला एकच गोष्ट मोकळी ठेवली, ती म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करणे.

कंपनीने तसे केले. १८ ऑगस्ट २०२० रोजी मद्रास उच्च न्यायालयाने आठशेहून अधिक पानांच्या निकालात याचिका फेटाळल्या. कंपनी पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तिची विशेष अनुमती याचिका फेटाळली. कारखाना बंद करणे हा पहिला पर्याय असू शकत नाही हे न्यायालयाने मान्य केले. परंतु वारंवार झालेले भंग आणि त्यांचे गांभीर्य पाहता मंडळापुढे आणि उच्च न्यायालयापुढे दुसरा मार्ग उरला नव्हता, असे त्याने म्हटले. तांबे वितळवताना उरणारी धातुमळी (स्लॅग) नदीलगत टाकणे, घातक कचऱ्यासाठी आवश्यक ते अधिकारपत्र नसणे, जिप्समच्या साठवण तळ्याची व्यवस्था नियमांप्रमाणे नसणे, असे मुद्दे त्यामागे होते.

या सगळ्या काळात कारखाना बंदच होता. अपील दाखल झाले म्हणजे आदेश आपोआप थांबला, असा अनेकांचा समज असतो. तसे होत नाही. स्थगितीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि तीन गोष्टी पटवून द्याव्या लागतात: प्रथमदर्शनी आपल्या बाजूत तथ्य आहे, स्थगिती न मिळाल्यास भरून न निघणारे नुकसान होईल, आणि ती दिल्याने समोरच्याचे किंवा जनतेचे त्याहून मोठे नुकसान होणार नाही. पर्यावरणाच्या प्रकरणात तिसरी गोष्ट सर्वांत अवघड जाते. कारखान्याचे नुकसान पैशात मोजता येते, तर दूषित झालेल्या भूजलाचे नुकसान पिढ्यानपिढ्या राहू शकते. शंका असेल तेव्हा सावधगिरीकडे झुकावे, हे तत्त्व लवादाच्या कायद्यातच लिहिलेले आहे. डिसेंबर २०२० मध्ये स्टरलाइटने काही आठवडे चाचणी म्हणून कारखाना चालवू द्यावा अशी मागणी केली, तीही सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, न्यायालयाने परवानगी दिली ती फक्त प्राणवायू तयार करण्यापुरती आणि ठरावीक मुदतीची.

आता मुदतीचा प्रश्न. हरित लवादाकडे अपील करण्यासाठी आदेश कळवल्यापासून ३० दिवस मिळतात. पुरेसे कारण दाखवले तर लवाद आणखी जास्तीत जास्त ६० दिवस देऊ शकतो. म्हणजे एकूण ९० दिवस संपले की लवादाची इच्छा असली तरी तो अपील घेऊ शकत नाही. दिवाणी न्यायालयात उशीर माफ होण्याची आपल्याकडे जी सवय पडली आहे, ती इथे घातक ठरते. मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात फेऱ्या मारण्यात, साहेबांना निवेदने देण्यात आणि 'फेरविचार चालू आहे' या तोंडी आश्वासनावर विसंबण्यात हे दिवस निघून जातात. निवेदन जरूर द्यावे, पण त्यामुळे अपिलाची मुदत थांबत नाही. आदेश ज्या दिवशी हाती पडला, त्या दिवसाचा पुरावा, मग तो टपालाचा लिफाफा असो, ई-मेल असो की आवक नोंदवहीतील नोंद, जपून ठेवावा.

महाराष्ट्र आणि गोव्यातील प्रकरणे लवादाच्या पुण्यातील पश्चिम विभागीय खंडपीठाकडे येतात. तिथे न्यायिक सदस्याबरोबर पर्यावरणाचा तज्ज्ञ सदस्य बसतो, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेची किंवा पुराव्याच्या कायद्याची बंधने लवादावर काटेकोरपणे लागू नाहीत. त्यामुळे तांत्रिक मुद्दे मांडायला ही जागा चांगली आहे. अपील करणाऱ्याने आपल्या अभियंत्याला आणि रसायनतज्ज्ञाला या टप्प्यावरच कामाला लावले पाहिजे. यापुढे वस्तुस्थिती पुन्हा तपासून घेण्याची संधी जवळजवळ राहत नाही.

लवादाच्या निर्णयाविरुद्ध लवादाच्याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते, पण ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये दिलेल्या कारणांवरच. सोप्या भाषेत सांगायचे तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असला पाहिजे. नमुन्यातला आकडा बरोबर की चूक, निरीक्षक खरे बोलला की खोटे, नाल्यातले पाणी कोणाचे, हे प्रश्न तिथे नव्याने तपासले जात नाहीत. लवादाने कायद्याचा अर्थ चुकीचा लावला, पुरावा नसताना निष्कर्ष काढला, समोरच्याला न ऐकता आदेश दिला, अशा मुद्द्यांवर मात्र तिथे दाद मिळू शकते.

उच्च न्यायालयाचा दरवाजाही बंद नाही. लवादाचा कायदा आल्यामुळे उच्च न्यायालयांचे संविधानाने दिलेले अधिकार संपले काय, असा प्रश्न उभा राहिला होता. मध्य प्रदेश उच्च न्यायालयातील वकील संघटनेच्या प्रकरणात १८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अधिकार अबाधित असल्याचे सांगितले. परंतु दरवाजा उघडा असणे आणि आत घेतले जाणे यात फरक आहे. कायद्यात अपिलाची सोय असेल तर उच्च न्यायालय सामान्यतः 'आधी तिकडे जा' असे सांगते. मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्यायाचा भंग (उदाहरणार्थ, बाजू न ऐकता दिलेला आदेश), अधिकार नसलेल्या व्यक्तीने काढलेला आदेश किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान, अशा मोजक्या परिस्थितींत ते थेट ऐकते. स्टरलाइट प्रकरणातील कलम १८ च्या निर्देशांसारख्या आदेशाविरुद्ध, जिथे अपिलाची सोयच नाही, तिथेही रिट हाच मार्ग असतो. आणि रिटमध्ये न्यायालय मुख्यतः निर्णय कसा घेतला गेला हे तपासते. मंडळाच्या जागी स्वतः बसून ते नवा निर्णय घेत नाही.

म्हणूनच प्रकरणाचा खरा पाया कारखान्याच्या आवारात, मंडळाचे अधिकारी नमुना घ्यायला येतात त्या दिवशी घातला जातो. जल कायद्याच्या कलम २१ मध्ये याची पद्धत सविस्तर दिलेली आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक नुकसान करून घेतात. सांडपाण्याचा नमुना विश्लेषणासाठी घेत असल्याची नोटीस अधिकाऱ्याने तिथल्या जबाबदार व्यक्तीला द्यायची असते. त्या व्यक्तीच्या समोर नमुन्याचे दोन भाग करायचे, प्रत्येक भाग वेगळ्या भांड्यात भरायचा, त्यावर खूण करायची, सील लावायचे आणि दोघांनीही सही करायची. एक भाग मंडळाच्या किंवा मंडळाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत जातो. उद्योगाने मागणी केली तर दुसरा भाग कायद्याने नेमलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. ही पद्धत पाळली नाही, तर तो विश्लेषण अहवाल कायदेशीर कारवाईत पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही, असे कलमातच म्हटले आहे.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. दुपारी अधिकारी येतात, व्यवस्थापक बाहेरगावी असतो, पाळीवरचा पर्यवेक्षक घाबरून दिलेल्या कागदावर सही करतो, दुसऱ्या भागाची मागणी करावी हे त्याला ठाऊक नसते. महिन्याभराने अहवाल येतो की रासायनिक प्राणवायूची मागणी (सीओडी, म्हणजे पाणी किती दूषित आहे याचे एक माप) लिटरला २५० मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त आहे. नमुना प्रक्रिया केंद्राच्या शेवटच्या टाकीतून घेतला की मधल्या टाकीतून, याची नोंद पंचनाम्यात नसते. हा मुद्दा त्याच दिवशी लेखी नोंदवला असता तर प्राधिकरणापुढे वजनदार ठरला असता. दोन वर्षांनी दिल्लीत वकिलाने उठवला तर 'आधी का बोलला नाहीत' या प्रश्नाला उत्तर नसते. कारणे दाखवा नोटिशीला चार ओळींचे गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेणाऱ्यांचेही असेच होते. त्या उत्तरात जे मांडले नाही, ते वरच्या न्यायालयात नव्याने मांडायला जागा मिळत नाही.

अलीकडे बंदच्या आदेशाइतकेच वाद नुकसानभरपाईच्या रकमेवरून होऊ लागले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंडळांना कलम ३३-अ आणि ३१-अ खाली पर्यावरणाच्या हानीची भरपाई ठरावीक रकमेच्या रूपात मागता येईल असे स्पष्ट केले. मात्र त्यासाठी नियम करून पारदर्शक पद्धत असली पाहिजे अशी अट घातली. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये बेंझो केम या रासायनिक कंपनीला लवादाने लावलेला २५ कोटींचा दंड सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, कारण कंपनीची उलाढाल किती आहे याचा पर्यावरणाच्या हानीशी संबंध जोडता येत नाही. रकमेविरुद्ध अपील करणाऱ्याला या निकालातून नेमकी दिशा मिळते: हानी किती, ती कोणत्या पद्धतीने मोजली, आणि आपल्याला बोलण्याची संधी दिली का.

शेवटी गावकऱ्यांविषयी, कारण हे सगळे कायदे मुळात त्यांच्या पाण्यासाठी आणि हवेसाठी झाले. अपील करण्याचा हक्क 'बाधित व्यक्ती'ला आहे, आणि ती व्यक्ती कारखानदारच असली पाहिजे असे नाही. मंडळाने दिलेली संमती चुकीची वाटत असेल तर शेजारचा शेतकरी किंवा मच्छीमार संस्थाही प्राधिकरणाकडे आणि पुढे लवादाकडे जाऊ शकते. पिकाच्या, विहिरीच्या किंवा आरोग्याच्या नुकसानीची भरपाई मागायची असेल तर लवादाकडे पाच वर्षांची मुदत असते. कारखान्याने मंडळाविरुद्ध अपील केले असेल तेव्हा गावकऱ्यांनी प्रेक्षक राहू नये. आपल्यालाही पक्षकार करून घ्यावे असा अर्ज त्यांना करता येतो. मंडळाचा वकील सर्वच गोष्टी मांडेल याची खात्री नसते. विहिरीच्या पाण्याचे तारखेनिशी तपासणी अहवाल, मेलेल्या माशांची छायाचित्रे, ग्रामपंचायतीचे ठराव आणि मंडळाला वेळोवेळी दिलेल्या तक्रारींच्या पोचपावत्या या कागदांच्या आधारेच बंदचा आदेश वरच्या पायरीवर टिकतो, आणि हे कागद गावाशिवाय दुसरे कोणी गोळा करत नाही.